जोडीने टांगलेल्या पट्ट्या

वाळलेला बोंबील कानाशी नेऊन मोडला की जो आवाज होतो, त्या आवाजावर माझ्या सासूबाईंचा देवाइतकाच विश्वास. कार्तिकातलं कोवळं ऊन, पालीच्या किनाऱ्यावर बांबूच्या वलांड्यांवर ओळीने लोंबणारे बोंबील, खाऱ्या वाऱ्यात चाललेली त्यांची मंद सळसळ, आणि त्या ओळींमधून वाकत, उठत, बोटांनी चाचपत फिरणारी तांबड्या लुगड्यातली एक उंच बाई. लग्नानंतर त्यांना त्यांच्या राज्यात मी पहिल्यांदा पाहिलं ते असं. मधूनच त्या एखादा बोंबील सोडवून घ्यायच्या, डोळे मिटून कानाजवळ न्यायच्या आणि मोडायच्या. नुसता वाकला, तर अजून ऊन हवं. कट्कन मोडला, तर त्यांच्या कपाळावरच्या सगळ्या आठ्या एकदम सैल व्हायच्या आणि त्या बाकीच्या बायकांना हाळी द्यायच्या, की चला, माल उतरवा.

गावात त्यांना दुर्गाबाय म्हणतात. वलांड्यांपासून धक्का चांगलाच लांब; मध्ये वारा, लाटा, होड्यांच्या इंजिनांची धडधड, पोरांचा गलका. हे सगळं ओलांडून दुर्गाबायची हाक धक्क्यावर जाळं शिवत बसलेल्या माझ्या सासऱ्यांपर्यंत पोचायची. आणि सासरे ढिम्म! पहिल्या हाकेला त्यांनी ओ दिलेली मी कधी पाहिली नाही. मान खाली, सुई जाळ्यातून वर-खाली. मग दुसरी हाक यायची, पहिलीपेक्षा लांबवलेली, शेवटी किंचित चढलेली, तेव्हा कुठे ते हात वर करून "काय गो?" म्हणायचे. म्हाताऱ्याला कमी ऐकू येतं, हे साऱ्या गावाने धरून चाललेलं होतं. इंजिनाशेजारी आयुष्य काढलेल्या माणसाचे कान जायचेच, असं माझा नवरा महेंद्रही मला सांगायचा. सासूबाई मात्र रोज तितक्याच ताज्या रागाने विचारायच्या, "पयल्या हाकेला ओ दिलीस तं तुजा काय जाता?"

सासरे गेले तेव्हा वलांड्या रिकाम्या होत्या, पावसाळा होता. त्यानंतरच्या थंडीत बोंबील पुन्हा वर चढले, सासूबाईही पुन्हा त्या ओळींमधून फिरू लागल्या. पण त्यांची हाक आता धक्क्याकडे वळत नव्हती. तिला जायला ठिकाणच उरलं नव्हतं. मग हळूहळू त्यांचा आवाज बसला. आधी वाटलं सर्दी, मग वाटलं सुक्या मासळीची धूळ. ज्येष्ठमध झालं, हळदीचं दूध झालं, गावातल्या प्रत्येक बाईने आपापला काढा पाजून झाला. आवाज बसला तो बसलाच. पुढचा पावसाळा ओसरल्यावर महेंद्र एका सकाळी पालीला गेला आणि त्यांना मोटरसायकलवर मागे बसवून नवघरला आमच्या फ्लॅटवर घेऊन आला.

घशाच्या डॉक्टरांनी आत नळी घालून पाहिलं. स्वरतंतूवर गाठ होती. ती काढली, तपासणीला पाठवली, आणि आम्हाला सांगितलं की रिपोर्ट येईल तेव्हा येईल, तोवर आणि त्यानंतरही सांगेपर्यंत आजींनी एक अक्षर बोलायचं नाही. कुजबुजायचंसुद्धा नाही. खायला मऊ, गार, बिनतिखट. काटा असलेलं काहीही नको. हे शेवटचं वाक्य ऐकून सासूबाईंनी डॉक्टरांकडे ज्या नजरेने पाहिलं, ती मी विसरणार नाही. जन्मभर मासळीवर वाढलेल्या बाईला त्या माणसाने एका दमात समुद्राबाहेर काढलं होतं.

गप्प असलेल्या दुर्गाबाय मी प्रथमच पाहत होते. आमच्या हॉलच्या खिडकीतून पलीकडच्या इमारतींच्या फटीत मिठागराचा एक तुकडा दिसतो. दुपारी ऊन उतरू लागलं की तो तुकडा लखलखतो आणि त्याचा उजेड आमच्या छतावर येऊन हलत राहतो. त्या उजेडाखाली त्या तासन् तास बसून असायच्या. त्यांच्याकडे पाठ करून मी शिकवणीची मुलं घ्यायचे आणि मला सारखं वाटायचं की खोलीत कोणी नाही, मग दचकून वळून पाहायचे. पण बाई हार मानणाऱ्यातली नव्हती. आवाजाची सगळी कामं त्यांनी हातांवर सोपवली. बांगड्या खळखळवल्या म्हणजे इकडे ये. तळहात उलटा केला म्हणजे पंखा बंद कर. चिमूट दिसली म्हणजे मीठ कमी आहे, आणि ती बहुतेक रोज दिसायची. मुलांपैकी कोणी पाढा चुकलं की स्टीलच्या पेल्यावर चमचा वाजायचा. पाढे त्या कुठे शिकल्या होत्या, देव जाणे. पण चमचा कधी चुकीच्या जागी वाजला नाही.

खाण्याचं मात्र मोठं संकट होतं. पेज किती दिवस देणार? अंगात ताकद यायला हवी होती. शेवटी मी कोंबडीवर आले. बिनहाडाचे तुकडे लसूण आणि तमालपत्र घालून मऊ शिजवायचे, गार झाले की काट्याने पार रेषा-रेषा सुट्या करायच्या, रात्रभर फडक्यात टांगलेल्या दह्याचा चक्का, थोडी साय, थोडं चीज आणि नावापुरती मिरपूड घालून सगळं एकजीव फेटायचं. पांढरंशुभ्र, लोण्यासारखं होतं. त्याला हल्लीची मुलं डिप म्हणतात. डिप म्हणजे खरं तर कशाला तरी लावून खायची गोष्ट. आमच्याकडे ती चमच्याने, नुसतीच, आजारपणाचं जेवण म्हणून खाल्ली जात होती. कोळ्याच्या घरात कोंबडी येते ती पाहुण्यासाठी; रोजच्या ताटात तिला काय किंमत! पहिल्या दिवशी वाटी पुढे केली तेव्हा सासूबाईंनी खिडकीकडे तोंड फिरवलं. मी हट्टाने तशीच उभी राहिले. बोलता येत असतं, तर त्यांनी माझ्या माहेरच्या सगळ्या रायगडकरांचा उद्धार केला असता. बोलता येत नव्हतं म्हणून कोंबडी खपली, हे मी आजही त्यांना ऐकवते.

त्या दिवसांत आम्ही नकळत सगळं कुरकुरीत खाणं सोडलं. पापडाचा डबा वरच्या फळीवर गेला. महेंद्र चहाबरोबर टोस्ट खायचा, तो चहात पूर्ण बुडवून, मऊ करून खाऊ लागला. त्यांना जे जमत नाही त्याचा आवाज त्यांच्यासमोर करायचा नाही, असं कोणी कोणाला सांगितलं नव्हतं. समोरच्या दारातली भाभी रोज संध्याकाळी दरवाजा किंचित उघडून विचारायची, "अम्माजी की आवाज आयी क्या?" मी मान हलवायचे. ती "आ जाएगी, आ जाएगी" म्हणत दार लोटून घ्यायची. आवाज येणं न येणं ही नंतरची गोष्ट होती. आधी तो रिपोर्ट यायचा होता, आणि तोवर आम्ही दोघं नवरा-बायको एकमेकांच्या डोळ्यांकडे पाहणं टाळत होतो.

रिपोर्ट चांगला आला. गाठ साधी होती. महेंद्रने दवाखान्यातूनच फोन करून सांगितलं. मी फोन कानाला लावून ओट्याला टेकून उभी राहिले, आणि मग शिकवणीच्या मुलांसमोरच हमसून हमसून रडले. सासूबाईंना सांगितलं, तेव्हा त्यांनी हात जोडून कपाळाला लावले, माझ्या डोक्यावरून हात फिरवला आणि चिमूट करून दाखवली. त्या दिवशीही मीठ कमीच होतं.

डॉक्टर म्हणाले, आता बोला. हळूहळू, थोडं थोडं, पण बोला. खायलाही हरकत नाही. आम्ही दोघं सासूबाईंच्या तोंडाकडे पाहत राहिलो. त्यांनी ओठ उघडले. गळ्याची शीर हलली. मग ओठ मिटले. डॉक्टरांना वाटलं संकोच असेल. आम्हालाही तसंच वाटलं. पण घरी आल्यावरही तेच. दुसऱ्या दिवशी, तिसऱ्या दिवशी तेच. मोकळीक मिळूनही त्या बोलत नव्हत्या. बांगड्या खळखळत राहिल्या, चमचा वाजत राहिला. महेंद्र लहान मुलासारखा त्यांच्यासमोर बसून म्हणाला, "आये, एकदा माझं नाव तरी घे." त्यांनी त्याचा गाल कुरवाळला आणि खिडकीकडे पाहिलं. तपासणीत सगळं ठीक होतं, घशातली जखम भरून आली होती, आणि तरी दुर्गाबायचा आवाज नुसत्या भीतीपायी आत अडकून बसला होता. कशाची भीती, ते कळायला मार्ग नव्हता, कारण ते सांगायला आवाजच लागणार होता.

मग तो रविवार. हवेत पहिला गारवा आला होता; खाडीवरून येणारा वारा कोरडा झाला होता, आणि हे असं ऊन, असा वारा म्हणजे पालीत वलांड्या भरल्याचे दिवस. सासूबाई सकाळपासून अस्वस्थ होत्या, सारख्या खिडकीचे गज धरून उभ्या राहत होत्या. मी ठरवलं की बास झाली ही शांतता. रिपोर्ट चांगला आलाय, घरात काहीतरी कुरकुरीत झालंच पाहिजे. महेंद्रने खालच्या दुकानातून समोसापट्टीचं पाकीट आणलं. त्या लांब पातळ पट्ट्यांना तेलाचा हात लावायचा, मीठ-तीळ भुरभुरायचे आणि एअर फ्रायरमध्ये भाजून चिप्स करायचे, वर आमचं ते कोंबडीचं डिप. डिपला बिचाऱ्याला एकदाचा त्याचा जोडीदार मिळाला असता.

पट्ट्या टाकल्या, मशीन सुरू केलं, आणि आत धिंगाणा सुरू झाला. त्या मशीनमध्ये वरून पंख्याची गरम हवा येते आणि समोसापट्टी म्हणजे वजनाने काहीच नाही. सगळ्या पट्ट्या वाऱ्यावर उडाल्या, वरच्या तारेला जाऊन चिकटल्या. जळका वास सुटला. मी घाईने भांडं बाहेर ओढलं तर अर्ध्या काळ्या, अर्ध्या कच्च्या, एकमेकींत गुरफटलेल्या. दुसऱ्या खेपेला मी त्यांच्यावर वाटी पालथी ठेवली. त्या वाटीखाली वाफेने लिबलिबीत झाल्या. महेंद्र म्हणाला, "सोड ना, पाकीटबंद वेफर्स आणतो." मी म्हटलं, "गप बस, हे आज व्हायलाच पाहिजेत." का व्हायला पाहिजेत ते मलाही सांगता आलं नसतं.

बांगड्या वाजल्या. सासूबाई स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होत्या. त्यांनी मला कोपराने बाजूला सारलं, पाकिटातली एक कोरी पट्टी उचलली, बोटांत धरून तिचं वजन पाहिलं, खिडकीतून येणाऱ्या वाऱ्यात ती कशी हलते ते पाहिलं. मग त्यांची नजर ओट्यावर फिरली आणि मशीनबरोबर आलेल्या, आम्ही कधीच न वापरलेल्या सळयांच्या छोट्या स्टँडवर थांबली. चार पायांवर आडव्या सळया. त्या तो हातात घेऊन बघत राहिल्या. मला तेव्हा काही समजलं नाही. महेंद्रला मात्र समजलं असावं, कारण त्याने उरलेल्या पट्ट्या आईच्या हाताशी सरकवल्या.

बोंबील सुकवायचे तर ते जोडीने टांगतात. एकाच्या जबड्यात दुसऱ्याचा जबडा अडकवायचा आणि ती जोडी दोरीवर टाकायची, एक या बाजूला, एक त्या बाजूला. मग कितीही वारा सुटू दे, एकाचं वजन दुसऱ्याला धरून ठेवतं. सासूबाईंनी सुरीच्या टोकाने पट्टीच्या शेंड्याला चीर दिली. दुसऱ्या पट्टीलाही दिली. एकीच्या चिरेतून दुसरीचा शेंडा ओवला, हलकेच ओढला आणि ती जोडी सळईवर टाकली. दोन्ही शेपट्या लोंबू लागल्या. त्यांचे ते हात, कित्येक हिवाळ्यांच्या मिठाने भेगाळलेले, त्या नाजूक मैद्यावर इतक्या हळुवारपणे चालत होते की एकही पट्टी फाटली नाही. एक सळई भरली, दुसरी भरली. आमच्या ओट्यावर एक वीतभर वलांडी उभी राहिली.

मीही मग सुरी घेतली आणि लागले ओवायला. माझी चीर मोठी झाली, पट्टी फाटली. दुसरी केली, ती मी नुसतीच एकीवर एक दुमडून सळईवर टाकली. ती घसरली. तिसरीलाही मी तेच करणार, इतक्यात माझ्या हातावर चापट बसली.

"असा न्हाय गो! तोंडान तोंड घाल!"

महेंद्रच्या हातातला पेला ओट्यावर आपटला. मी वळून पाहिलं. सासूबाई स्वतःच जागच्या जागी थिजल्या होत्या, डोळे विस्फारलेले, एक हात गळ्यावर. त्या आपलाच आवाज ऐकत होत्या. तो चिरका होता, खोल होता, मध्येच तुटत होता. किनारा ओलांडून जाणाऱ्या त्या हाकेशी त्याचं लांबचं नातं होतं. पण तो त्यांचा होता. त्यातला राग तर अस्सल त्यांचाच होता.

"काय म्हणालात, आई?" मी विचारलं. मला ऐकू आलं नव्हतं असं मुळीच नाही.

त्यांनी गळ्यावरचा हात काढला. पुन्हा, हळू, एकेक शब्द चाचपत म्हणाल्या, "तोंडान... तोंड घाल. मंग उडत न्हाय."

महेंद्र त्यांच्या खांद्यावर डोकं ठेवून रडत होता आणि त्या त्याच्या पाठीवर थोपटत होत्या, तेलकट हातांनी, त्याचा नवा शर्ट पार खराब करत. समोरच्या भाभीने आवाज ऐकून दार उघडलं, आमच्या दारात आली, आत काय चाललंय ते पाहिलं आणि न विचारताच हसू लागली. "बोला था ना मैंने," एवढंच म्हणाली आणि डोळे पुसत आत येऊन बसली.

स्टँड आत गेला. पंखा फिरला. काचेच्या झरोक्यातून आम्ही सगळे वाकून पाहत होतो. पट्ट्या थरथरल्या, हेलकावल्या, पण एकमेकींना धरून राहिल्या. त्यांच्यावर बारीक फोड आले, कडा सोनेरी झाल्या. बाहेर काढल्यावर लक्षात आलं की भाजून त्या जोड्या अशा घट्ट झाल्यात की सोडवता येत नाहीत; मधोमध मोडाव्याच लागणार, एक अर्धी मला, एक अर्धी तुला. सासूबाईंनी पहिली जोडी उचलली. सवयीने डोळे मिटले, ती कानाशी नेली आणि मोडली. कट्! कपाळावरच्या आठ्या सैल झाल्या. अर्धी त्यांनी माझ्यापुढे धरली, अर्धी त्या पांढऱ्या डिपमध्ये बुडवली आणि खाल्ली. घर भरून तो कुरकुर आवाज झाला. इतक्या दिवसांनी दाताखाली काहीतरी मोडलं होतं. आम्ही सगळेच मग खात सुटलो, पापडाचा डबासुद्धा खाली आला, आणि कितीतरी वेळ कोणी काही बोललंच नाही. ती शांतता मला अजिबात टोचली नाही.

संध्याकाळी मिठागराचा उजेड छतावरून उतरून भिंतीवर आला, तेव्हा मी त्यांच्याजवळ बसले आणि विचारलं, की आई, डॉक्टरांनी सांगूनही तुम्ही का बोलत नव्हतात? त्यांनी हातातली बांगडी फिरवली.

"मना भ्याव वाटत व्हता गो," त्या म्हणाल्या. "ह्याच आवाजान मी त्याला हाका मारल्या. त्यो गेला. बोलाया गेली न आवाजपन आला न्हाय, तं मंग त्याचा माझ्याकडं काय रवला? त्यापरीस न बोललेला बरा, असा वाटला." थांबून त्यांनी घशावरून हात फिरवला. "आला खरा. पन धक्क्यापरेत न्हाय जायाचा आता."

मी म्हटलं, "आपल्या घरात धक्का नाहीये, आई. हॉलमधून स्वयंपाकघरात आला तरी पुष्कळ."

त्यावर त्या हसल्या. त्या हसण्यालाही आवाज होता, आणि तो ऐकून मला इतकं हलकं वाटलं की मी उठून उगाचच सगळ्या खिडक्या उघडल्या.

आता त्या कधी पालीला असतात, कधी आमच्याकडे. आमच्याकडे असल्या की रविवारी पट्ट्यांच्या जोड्या सळयांवर चढतात. त्या ओवतात, मी टांगते. मीठ अजूनही कमीच असतं, पण चिमूट दाखवायची आता गरज पडत नाही. ते चांगलं ऐकू येईल असं सांगितलं जातं. आणि दुपारी शिकवणीची मुलं गेली, घर निवांत झालं, की हॉलमधून हाक येते. तो चिरका, जरासा तुटका आवाज भिंतीला वळसा घालून माझ्यापर्यंत अगदी स्वच्छ पोचतो. मी मान खाली घालून कप विसळत राहते. ओ देत नाही. थोडा वेळ जातो. मग दुसरी हाक येते, पहिलीपेक्षा लांबवलेली, शेवटी किंचित चढलेली.

"अगो, पयल्या हाकेला ओ दिलीस तं तुजा काय जाता?"

"ऐकू नाही आलं, आई," मी म्हणते; आणि त्या क्षणी धक्क्यावर मान खाली घालून जाळं शिवत बसलेले माझे सासरे मला डोळ्यांसमोर दिसतात. त्यांचे कान शेवटपर्यंत शाबूत होते, याबद्दल मला आता तिळमात्र शंका नाही. काळ माणूस घेऊन जातो, आवाजातला जोरही घेऊन जातो. पण कोणीतरी आपल्याला पुन्हा एकदा हाक मारावी म्हणून गप्प राहण्याची ती सवय तो जाता जाता मागे राहिलेल्या कुणाच्या तरी कानात ठेवून जातो, आणि मग गेलेलं माणूस रोज दुपारी, दोन हाकांच्या मधल्या त्या एवढ्याशा शांततेत, घरात असतं.